कोवळे ऊन, चढते ऊन आणि ट्रॉम्सोचा हिवाळा

‘रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसतो, तरी तपासणीत ड जीवनसत्त्व कमी कसे निघाले?’ हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वारंवार विचारला जातो. उत्तर समजण्यासाठी आज आपण थोडे दूर, नॉर्वे देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील ट्रॉम्सो या शहरी जाऊ. सूर्य आपल्या शरीरासाठी दोन निरनिराळी कामे करतो. ती एरवी एकमेकांत मिसळलेली असतात. ट्रॉम्सोत मात्र ती वेगवेगळी दिसतात.

थंडी बेताची, अंधार मोठा

ट्रॉम्सो सुमारे 70 उत्तर अक्षांशावर, उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरेच पलीकडे आहे. शहराचा मुख्य भाग एका बेटावर वसलेला आहे. एवढ्या उत्तरेला भयंकर थंडी असेल असे आपल्याला वाटते. सैबेरियातील वेरखोयान्स्क हे गाव याहून थोडे दक्षिणेला आहे, तरी तेथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे 40 अंशांच्याही खाली असते. ट्रॉम्सोत मात्र ते उणे 3-4 अंशांच्या आसपासच राहते. याचे कारण समुद्र. अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाह या किनाऱ्यापर्यंत ऊब आणून पोचवतो. त्यामुळे तेथील बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. उन्हाळाही सौम्य असतो. जुलैची सरासरी 12 अंशांच्या जवळपास असते.

मात्र या सौम्यपणाचाही एक त्रास आहे. तापमान शून्याच्या खाली-वर होत राहते, बर्फ दिवसा वितळतो आणि पुन्हा गोठून रस्ते काचेसारखे गुळगुळीत होतात. घसरून मनगट किंवा खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते, म्हणून लोक बुटांखाली काटेरी पट्टे लावतात आणि रस्त्यांवर बारीक खडी टाकली जाते.

खरी कसोटी असते ती अंधाराची. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश पसरतो, तेवढाच काय तो दिवस. उलट मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही.

पहिले काम : डोळ्यांवाटे

आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की ते रोज जुळवले जाते. उजेड मिळाला नाही तर ते मागे पडते, रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी उठवत नाही. ट्रॉम्सोत हिवाळ्यात झोपेच्या अशा तक्रारी आढळतात. काहींना खिन्नताही येते. 1984 मध्ये अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेन्थल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ऋतुमानाप्रमाणे येणाऱ्या औदासीन्याचे वर्णन केले. त्यावर सकाळी प्रखर दिव्यासमोर बसण्याचा उपचार केला जातो. पण सारे गाव उदास होऊन बसते असे मात्र नाही. लोक अंधारातही फिरतात, बर्फावर घसरपट्ट्या बांधून चालतात, एकमेकांकडे जातात. भोवतालच्या डोंगरांआडून सूर्य 21 जानेवारीच्या सुमारास पुन्हा दिसू लागतो. त्या दिवशी गोड पाव खाऊन त्याचे स्वागत होते.

दुसरे काम : त्वचेवाटे

सूर्य परत आला तरी हाडांना मात्र आणखी थांबावे लागते. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण, सूर्य खाली असताना, हवेच्या जाड थरात अडून जातात. म्हणून तेथे शरद ऋतूपासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत, ऊन पडले तरी, त्वचेत हे जीवनसत्त्व जवळजवळ बनत नाही. ही उणीव तेथे माशांनी भरून काढली. हिवाळ्यात कॉड मासा, त्याचे यकृत आणि गाभोळी एकत्र वाढण्याची तेथे जुनी रीत आहे. शिवाय कॉड लिव्हर ऑइलचा चमचा तेथे घरोघरी ओळखीचा. तान्ह्या बाळांना ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याचा सरकारी सल्ला आहे, कारण हे जीवनसत्त्व नसेल तर मुडदूस होतो.

आपण काय करावे?

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. आपल्याकडचे अगदी सकाळचे ऊन हे ट्रॉम्सोच्या फेब्रुवारीतील उन्हासारखे असते. झोपेला व मनाला ते उत्तम, पण हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही. साधी खूण लक्षात ठेवा : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्वचेत ड जीवनसत्त्व चांगले बनते. उन्हाळ्यात ही वेळ साडेनऊच्या सुमारासच येते, तेव्हा भर दुपारी उन्हात उभे राहून उष्माघात ओढवून घेऊ नये. हिवाळ्यात मात्र ती दुपारी बाराच्या आसपास येते. हात-पाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी. सावळ्या त्वचेला व वृद्धांना थोडा जास्त वेळ लागतो. बंद काचेच्या खिडकीतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी आहे.

एक इशारा. 60,000 युनिटची पुडी किंवा गोळी ही बहुधा आठवड्यातून एकदा, ठराविक आठवडेच घ्यायची असते. ती रोजची समजून घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठता, अतिशय तहान, वारंवार लघवी अशी लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. औषध किती दिवस घ्यायचे, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे. घरात एका खोलीत पडून असलेल्या आजी-आजोबांची खुर्ची सकाळी उजेडात आणि नंतर थोडा वेळ चढत्या उन्हात ठेवावी. ट्रॉम्सोकरांना ज्यासाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागते, ते आपल्या अंगणात रोज येते.