आत्याच्या बॅगेतली दुबई

१९८३ च्या मे महिन्यात आत्या दुबईहून सुट्टीवर आली, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत मधोमध ठेवलेली, सुतळीनं करकचून बांधलेली ती बॅग अजून डोळ्यांसमोर आहे. आतोबांनी सुतळी कापली आणि एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. टू-इन-वन रेडिओ, निडोचा डबा, टँगची बाटली, यार्डलीची पावडर, टायगर बाम, जपानी कापडाच्या दोन साड्या, बदाम-पिस्ते. प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी होती. शेजारच्या काकूंचंसुद्धा नाव त्यात होतं.

दुबई मी पहिल्यांदा पाहिली ती अशी, बॅगेतून. पुढं तीनदा तिथं जाणं झालं. त्या तिन्ही खेपांना परतीच्या बॅगेत काय आलं ते आठवलं, की शहर कसं बदलत गेलं याचा हिशेब आपोआप लागतो.

पण इतका माल एका वाळवंटी गावात आला कुठून? आपल्याकडे दुबई म्हटलं की लोक तेलाकडे बोट दाखवतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. तिथं तेल सापडलं १९६६ मध्ये. बाजार त्याच्या कितीतरी आधीपासून होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या किनाऱ्यावर जकात वाढली, तेव्हा दुबईच्या शासकांनी व्यापाऱ्यांना करमाफी देऊन बोलावून घेतलं. बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी खाडीकाठी घरं बांधली, ती वस्ती पुढं बस्तकिया म्हणून ओळखली गेली. आखातातले मोती तेव्हा मुंबईच्या बाजारात येत आणि तिथून जगभर जात. जपानचे संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी तो धंदा बुडवला. गाव मात्र व्यापाराला धरून राहिलं. १९५८ मध्ये सत्तेवर आलेल्या शेख रशीद यांनी गाळानं भरलेली खाडी उपसायचं ठरवलं आणि त्यासाठी कुवेतकडून कर्ज घेतलं. आधी खाडी मोकळी झाली, तेल नंतर आलं. या क्रमातच मला त्या शहराचा स्वभाव दिसतो.

त्या काळात तिथं चलन होतं रुपया. रिझर्व्ह बँकेनं १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईनं त्या नोटा सोडल्या. दिरहम आला १९७३ मध्ये. आत्या आणि आतोबा १९७८ मध्ये तिथं गेले. तेव्हाचे जुने दुकानदार किंमत सांगताना सवयीनं रुपये म्हणून जायचे, असं आतोबा सांगत. दुबईची एमिरेट्स विमान कंपनी १९८५ मध्ये सुरू झाली, तिच्या अगदी पहिल्या मार्गांतही कराचीबरोबर मुंबई होती.

मी स्वतः गेलो १९९७ मध्ये. दुबई शॉपिंग फेस्टिव्हल आदल्याच वर्षी सुरू झाला होता, आणि बर दुबईतल्या आत्याच्या दोन खोल्यांत पाहुण्यांची रांग लागली होती. संध्याकाळी आम्ही आबऱ्यातून खाडी ओलांडली. आबरा म्हणजे लाकडी, उघडी, माणसांना खांद्याला खांदा लावून बसवणारी होडी. पलीकडे देऱ्याचा सोनेबाजार. आत्यानं दुकानात शिरण्यापूर्वी मला बजावलं, "अरे, सोन्याच्या भावावर बोलू नकोस. तो रोज ठरतो, सगळीकडे सारखाच. बोलायचं ते घडणावळीवर." मग तिनं आईसाठी दोन पाटल्या निवडल्या आणि केरळच्या त्या विक्रेत्याशी हिंदीतून पाऊण तास घडणावळीची घासाघीस केली. शेवटी दोघंही हसले, चहा आला. सोनेबाजार मला कळला तो काचेमागच्या हारांवरून नव्हे, त्या पाऊण तासातून.

रात्री करामा भागात जेवलो. दक्षिणेकडचा डोसा, गुजराती थाळी, लाहोरी निहारी, इराणी कबाब, फिलिपिनो भात, सगळं चालत पोचण्याइतक्या अंतरात. दुसऱ्या दिवशी अल फहिदी किल्ला पाहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीचा हा किल्ला १९७१ पासून संग्रहालय होता. जवळच बस्तकियातले वाऱ्याचे मनोरे. चारही बाजूंनी उघडा मनोरा, आत फुलीच्या आकाराच्या भिंती. वारा कुठूनही आला तरी तो खालच्या खोलीत उतरावा अशी ती रचना. वीज नसताना माणसं या उन्हात कशी राहिली असतील, याचं उत्तर त्या खोलीत उभं राहिल्यावर अंगाला कळतं. या शहरात कुणाला एकच जागा दाखवायची असेल तर मी आजही तीच दाखवीन.

त्या वर्षी बॅगेत पाटल्या आल्या, केशर आलं. टू-इन-वन मात्र कुणी मागितला नाही. १९९१ च्या उदारीकरणानंतरच्या मुंबईत तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता.

दुसरी खेप २०१० च्या फेब्रुवारीतली. बुर्ज खलिफा उघडून महिना झाला होता. ८२८ मीटर उंचीच्या त्या इमारतीखाली मान वर करून उभं राहिलं की टोपी पडते हे शब्दशः खरं आहे. शेजारच्या दुबई मॉलमध्ये बाराशेच्या आसपास दुकानं, मत्स्यालय, बर्फावरचं स्केटिंग. मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये तर २००५ पासून घसरगुंडीसकट बर्फाचा डोंगर. मेट्रो आदल्या सप्टेंबरात धावू लागली होती. आम्ही दिवसभर फिरलो, कारंजी पाहिली, आणि दमून आत्याच्या घरी परतलो तेव्हा जिन्यात सामानाची खोकी रचलेली दिसली. २००८ च्या मंदीनं आणि त्यामागून आलेल्या कर्जसंकटानं आत्याच्या इमारतीतली तीन कुटुंबं त्या हिवाळ्यात परत निघाली होती. अबुधाबीनं मदतीचा हात दिला आणि तोवर बुर्ज दुबई म्हणवल्या जाणाऱ्या इमारतीला तिथल्या शासकांचं नाव मिळालं. शहर सावरलं. पण नोकरी गेली की राहण्याचा परवानाही जातो, हे त्या खोक्यांनी मला शिकवलं. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांचे चिरे या परवान्याच्या बळावर उभे राहिले आहेत. झगमगाट पाहताना तो उभारणाऱ्या हातांचा विसर पडणं हा मला अन्याय वाटतो. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा नियम तिथं आहे. तो का करावा लागला असेल, ते जूनमधल्या दुपारी पाच मिनिटं रस्त्यावर उभं राहिलं की समजतं.

त्या खेपेला बॅग हलकी होती. सेलमधले कपडे आणि कॅमेऱ्यात चारशे फोटो.

२०१२ मध्ये आतोबा निवृत्त झाले. चौतीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून दोघं दापोलीला आले. आतोबा आता नाहीत. २०२५ च्या डिसेंबरात मी मुलीला घेऊन निघालो, तेव्हा आत्याला विचारलं, काय आणू? ती म्हणाली, "सोनंबिनं काही नको रे. मसाला बाजारातून काळं सुकं लिंबू आण, मिळालं तर."

या वेळी घराचा आधार नव्हता. आम्ही खरेच पर्यटक होतो. मुलीनं म्युझियम ऑफ द फ्यूचरची तिकिटं आधीच काढली होती. वाळवंटातल्या संरक्षित राखीव क्षेत्रात पहाटे गेलो. २२५ चौरस किलोमीटरच्या त्या पट्ट्यात ओरिक्स हरणं निवांत चरत होती आणि वाळूवर रात्रभराच्या पावलांचे ठसे होते. मॉलमधल्या चार दिवसांपेक्षा ती दोन तासांची शांतता मुलीला अधिक आवडली, याचा मला आनंद झाला.

खाण्याचं जग तर ओळखू येणार नाही इतकं विस्तारलं आहे. मिशेलिन मार्गदर्शिका २०२२ मध्ये दुबईत आली आणि २०२५ मध्ये तिथल्या ट्रेसिंड स्टुडिओला तीन तारे मिळाले. जगात भारतीय पाककृतींच्या उपाहारगृहाला हा मान पहिल्यांदाच मिळाला, तोही भारताबाहेर. आम्हाला ते परवडणारं नव्हतं. आम्ही सटवा भागात पाकिस्तानी डाळ-रोटी खाल्ली, खजुराच्या काकवीत घोळवलेले लुकैमात खाल्ले आणि टपरीवर कडक चहा प्यालो, तिथले अरब ज्याला 'करक' म्हणतात. आपला 'कडक' तिकडं जाऊन असा मुरला आहे.

सोनेबाजारातही गेलो. २०१८ पासून पाच टक्के कर लागतो, पर्यटकांना तो विमानतळावर बराचसा परत मिळतो. २०२४ मध्ये भारतानं आयात शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आणलं, त्यानंतर दोन्हीकडच्या भावातलं जुनं अंतर उरलं नव्हतं. मग बाजारात गर्दी का? कारण घडणावळीवर बोलणारी माणसं तिथं अजून बसलेली आहेत.

मसाला बाजारात सुक्या लिंबांची पोती उघडी होती. ओमानी पद्धतीनं मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेली, काळसर, हातात घेतली तर पिसासारखी हलकी. अर्धा किलो घेतली आणि आबऱ्यानं परत आलो. भाडं एक दिरहम.

दापोलीला आत्यासमोर बॅग उघडली. तिनं पुडीतलं एक लिंबू फोडून नाकाशी नेलं आणि बराच वेळ बोलली नाही. मग माझ्या मुलीकडे वळून म्हणाली, "मुगाच्या आमटीत एकच टाकायचं हं, जास्त नाही. नाहीतर कडू होते." उरलेल्या लिंबांच्या तिनं सहा पुड्या केल्या आणि पेन मागितलं. प्रत्येक पुडीवर तिला नाव घालायचं होतं.