आगळाची भांडी आणि त्यांची धुलाई

रातांब्याचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांत भरास येतो आणि पावसाची पहिली सर पडताच आटोपतो. या अल्प मुदतीत कोकणातील अनेक घरी व बचत गटांमध्ये आगळ आणि अमृत कोकम तयार केले जाते. फळ कसे निवडावे, मीठ वा साखर किती घालावी, हे येथील भगिनींना सांगावयास नको. परंतु रस कोणत्या भांड्यात ठेवावा व ते भांडे कशाने धुवावे, या गोष्टीकडे मात्र म्हणावे तितके लक्ष दिले जात नाही. माल बिघडतो तो पुष्कळदा येथेच, आणि कधी कधी माणसाच्या जिवावरही बेतते.

कोकमाचा रस अत्यंत आंबट असतो. आम्लाचा धातूशी संबंध आला की धातू थोडा थोडा विरघळून रसात उतरतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवल्यास तांबे उतरते व असा रस पोटात गेल्यास मळमळ आणि वांत्या होतात. कल्हई असेल तर तांबे झाकलेले राहते हे खरे; पण कल्हई झिजते आणि ती पुन्हा लावून देणारा कारागीर आता गावोगाव फिरत नाही. जस्ती बादलीचे तर नावच नको. जस्त आम्लात तांब्याहूनही लवकर विरघळते. अॅल्युमिनियमच्या पातेल्यावर आम्ल आणि सोडा या दोहोंचाही परिणाम होतो. मुलामा उडालेल्या भांड्यातील उघडे लोखंड रसाचा सुंदर तांबडा रंग काळपट करून टाकते, आणि असा माल गिऱ्हाईक हातीही धरीत नाही.

राहता राहिले स्टेनलेस स्टील. ते गंजत नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती निम्मीच खरी. या पोलादात क्रोमियम असते व त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. भांड्याचे रक्षण हा पापुद्रा करतो. आम्ल त्यास फारसे बाधत नाही, परंतु मिठातील क्लोराइड त्यास जागोजागी भेदते आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. आगळात आम्ल आणि मीठ दोन्ही असतात, तेही भरपूर. म्हणून स्टीलच्या पातेल्यात रस गाळणे किंवा ढवळणे यास हरकत नाही. आगळ महिनोन् महिने साठविणे मात्र योग्य नव्हे. ३०४ क्रमांकाच्या पोलादापेक्षा २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ क्रमांकाचे पोलाद मिठास अधिक टिकते, पण त्याची किंमत लहान गटास परवडेलच असे नाही. दुकानात चुंबक लावून पाहण्याचा प्रघात आहे. चुंबक चिकटले नाही एवढ्यावरून पोलाद उत्तम ठरत नाही, कारण निकेल कमी असलेल्या स्वस्त प्रकारांनाही ते चिकटत नाही.

साठवणीस काचेची बाटली, चिनी मातीची बरणी किंवा खाद्यपदार्थांसाठी म्हणून बनविलेले प्लास्टिकचे पिंप वापरावे. कीटकनाशकाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी वापरू नये.

आता धुलाईविषयी. प्रथम चिकट अंश धुण्याच्या सोड्याने व ब्रशने काढावा. मळ राहिला तर कोणतेही निर्जंतुक द्रव्य आपले काम करीत नाही. स्टीलवर लोखंडी तारेची घासणी फिरवू नये. तिचे कण भांड्यात रुततात आणि मग तेच गंजतात. काचेच्या बाटल्या पाण्यात बुडवून वीस मिनिटे उकळणे हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे. प्लास्टिकचे पिंप उकळता येत नाही, तेव्हा त्यासाठी ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा द्राव लिटरभर पाण्यास ५ मिलिलिटर या प्रमाणात घ्यावा, काही मिनिटे ठेवावा व नंतर उकळून निवविलेल्या पाण्याने विसळावे. हा द्राव स्टीलच्या भांड्यात रात्रभर ठेवल्यास पुन्हा खड्डेच पडावयाचे.

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट प्रत्येक गटास आवर्जून सांगावी. हायपोक्लोराइट किंवा विरंजक चूर्ण यांचा आम्लाशी संयोग झाला की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. शौचालय धुण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि “अधिक स्वच्छ निघेल” या भाबड्या कल्पनेने दोन्ही एकत्र ओतली जातात. तळाशी उरलेले आगळ हेही आम्लच होय. म्हणून पिंप आधी साध्या पाण्याने नीट खळबळावे, मगच क्लोरीनचा द्राव घालावा.

दुग्धालयांत फॉस्फोरिक आम्लाची निर्जंतुके वापरली जातात. ती स्टीलला मानवतात, पण जस्त व अॅल्युमिनियम यांस खातात. ती घ्यावयाची झाल्यास हातमोजे व चष्मा घालावा, आणि नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये.

वायूचा उग्र वास येताच काम टाकून उघड्यावर यावे. आम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवावे. चुना वा सोडा चोळू नये. ते पोटात गेले असल्यास वांती करवू नये, तर रोग्यास बाटलीसह तत्काळ दवाखान्यात न्यावे. बाटलीवरील चिठ्ठी पाहून डॉक्टरांस उपचार ठरविणे सोपे जाते, म्हणून असली द्रव्ये सरबताच्या जुन्या बाटल्यांत ओतून ठेवू नयेत.