समेवर मान का डोलते?

गाण्याच्या बैठकीला जाणाऱ्या प्रत्येकाने एक चमत्कार पाहिलेला असतो. गवई तानांच्या गर्दीत शिरलेला असतो, तबलजी निमूटपणे त्रितालाचा ठेका धरून असतो आणि सम आली की श्रोत्यांच्या माना एकदम डोलतात. त्यांतल्या कितीतरी जणांना त्रितालाच्या मात्रा सोळा की बारा हेही ठाऊक नसते! आणखी मौज अशी, की ह्या माना सम ऐकून मग डोलत नाहीत, समेबरोबरच डोलतात. आवाज कानी पडल्यावर मानेला हुकूम सोडायचा, तर थोडा तरी उशीर व्हायला हवा. तो होत नाही. म्हणजे सम येणार हे आतल्या कोणीतरी आधीच ताडलेले असते. हा आतला तबलजी कोण, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. मेंदूच्या अभ्यासकांनी त्याचे जे उत्तर शोधले आहे, ते नुसते करमणुकीचे नाही. एखाद्या घरात ते फार मोलाचे ठरते.

नसलेला ठेका

१८९४ साली अमेरिकेत थॅडियस बोल्टन ह्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. अगदी एकसारखे ठोके, सारख्याच अंतराने, त्याने लोकांना ऐकवले. एकही ठोका जोराचा नव्हता की हलका नव्हता. तरी ऐकणाऱ्यांना ते दोन-दोन, तीन-तीन किंवा चार-चारच्या गटांत ऐकू आले आणि गटातला पहिला ठोका जोरकस वाटला! आघात कानात नव्हता. तो मनाने घातला होता.

ह्याचा पुरावा २०११ साली बेल्जियम व कॅनडातील संशोधकांनी मिळवला. त्यांनी ठोके ऐकवताना माणसांच्या मेंदूतील विजेच्या लहरी टिपल्या. ऐकणाऱ्याने मनात दोन-दोनचे गट धरले, की ठोक्यांच्या निम्म्या वेगाची एक लहर उमटे. तीन-तीनचे धरले, की एक-तृतीयांश वेगाची. आवाज तोच, पण मनात दादरा की केरवा, हे लहरी सांगत होत्या.

हात न हलवता

मग हा ठेका धरतो कोण? २००७ साली जेसिका ग्रान व मॅथ्यू ब्रेट ह्या संशोधकांनी माणसांना यंत्रात निजवून मेंदूची चित्रे घेतली. ज्या बोलांत ठेका स्पष्ट होता, ते ऐकताना मेंदूच्या गाभ्यातले 'बेसल गँग्लिया' नावाचे पेशींचे पुंजके अधिक जागे झाले. आता हे पुंजके काही ऐकण्याचे केंद्र नव्हेत. चालणे, उठणे, वळणे अशा हालचाली सुरू करून देणे हे त्यांचे मुख्य काम! म्हणजे ठोक्याबरोबर बोटसुद्धा न हलवता आपण ताल ऐकतो, तेव्हाही आत चालण्या-नाचण्याची तयारी चाललेली असते. मैफलीतली मान ही त्या तयारीतून निसटलेली हालचाल होय.

ह्या आतल्या तबलजीला मर्यादाही आहे. दोन ठोक्यांमध्ये दोनेक सेकंदांहून जास्त अंतर पडले, की त्याची पकड सुटू लागते. मग अतिविलंबित एकतालात मात्रा तीन-चार सेकंदांची झाली, तर गवई तो सांभाळतो कसा? एका मात्रेचे तो मनात चार भाग पाडतो आणि तबलजीही 'तिरकिट'सारखे बोल पसरून मधली पोकळी भरून काढतो. आपल्या उस्तादांनी मेंदूची ही नड कोणत्याही यंत्रावाचून ओळखली होती!

मांडीवरची तालीम

ही देणगी आपण जन्मतःच घेऊन येतो असे दिसते. २००९ साली हंगेरीतील प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या निजलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला. मधूनच पहिला आघात गाळला, की बाळाचा मेंदू दचके. कॅनडात २००५ साली सात महिन्यांच्या बाळांना एकच ठेका ऐकवत काहींना दर दुसऱ्या, तर काहींना दर तिसऱ्या ठोक्याला झुलवले. पुढे प्रत्येक बाळाने आपल्या झुलण्याशी जुळणारा ठेकाच अधिक वेळ ऐकला. नुसते दुसऱ्याचे झुलणे पाहून मात्र हे साधले नाही. तेव्हा नातवाला मांडीवर नाचवणारी आजी ही त्याची तालाची पहिली गुरू आहे, हे सूनबाईंनी ध्यानात ठेवावे.

अडलेले पाऊल

पण हेच पुंजके थकले तर? १८१७ साली जेम्स पार्किन्सन ह्या इंग्रज डॉक्टराने ज्या कंपवाताचे वर्णन केले, त्यात नेमके हेच घडते. ह्या पुंजक्यांना लागणारे डोपामीन हे द्रव्य कमी पडते. हात कापतो, पाऊल आखूड होते. माझ्या मामांना हा विकार होता. सरळ चालत येत आणि उंबरठ्यापाशी पाय असे खिळत, की पुढे टाकवत नसे. हात धरून ओढले तर तोल जाई. एके दिवशी मामी शेजारी उभ्या राहून टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अहो, चला, एक-दोन, एक-दोन!" आणि मामांनी उंबरठा ओलांडला. आम्ही पाहतच राहिलो.

मामींना जे सुचले, तेच १९९६ साली अमेरिकेत मायकेल थॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिले होते. कंपवाताच्या रुग्णांना त्यांनी तीन आठवडे घरच्या घरी ठेका ठळक केलेल्या संगीतावर चालवले. त्यांची चाल सुमारे २५ टक्क्यांनी वाढली आणि पाऊलही लांब पडू लागले. आतला ठेका क्षीण झाला, तरी बाहेरचा ठेका लहान मेंदूच्या वाटेने पायांपर्यंत पोचत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

हा उपाय म्हणजे औषध नव्हे. गोळ्या चालूच ठेवायच्या, डॉक्टरांना विचारायचे आणि सुरुवातीला सोबतीला माणूस हवेच. पण टाळीला पैसा पडत नाही. घरातले कोणी वडीलधारे दारात अडून उभे राहिले, तर "लवकर चला" असे म्हणू नका. त्याने पाय आणखीच खिळतात. जवळ उभे राहा, सावकाश ठेका धरा आणि पहिले पाऊल त्यांचे त्यांना टाकू द्या.