गुडघ्यातली दोरी: रेशीम, चांदी, रेनकोट आणि आपलीच कंडरा

माळेगावच्या यात्रेतला कुस्तीचा फड असो की लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली दंगल, गुडघ्याची कसोटी ठरलेली. कबड्डीत तर हमखास. पाय रुतलेला, अंग वळलेलं आणि आतून ‘कट्’ असा आवाज. हाडाला हाड बांधणारं एसीएल नावाचं लिगामेंट गेलं! मग प्रश्न येतो, “डॉक्टर, तयार दोरी नाही का बसवता येत?” शंभरहून अधिक वर्षं सर्जन मंडळी याच प्रश्नामागे आहेत.

करंगळीहून आखूड, ताकद दांडगी
एसीएल जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब. पण तरुण गुडघ्यात ते तुटायला सुमारे २२० किलो वजनाइतका ताण लागतो.

आधी रेशीम, मग चांदी
विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या फ्रिट्झ लांगे यांनी गुडघ्यात रेशमाचे धागे वापरले. १९१४ मध्ये लंडनच्या एड्रेड कॉर्नर यांनी चांदीची तार घातली. १९१७ मध्ये ब्रिस्टॉलच्या हे-ग्रोव्ह्ज यांनी रुग्णाच्याच मांडीतली पट्टी घेतली आणि आजची वाट दाखवली.

रेनकोटवाला धागा
रेनकोटसाठी गाजलेल्या गोअर-टेक्सचं लिगामेंटही निघालं. अमेरिकेत १९८६ मध्ये त्याला परवानगी मिळाली. पुढे ते सैल पडू लागलं, तुटू लागलं, गुडघे सुजू लागले. १९९३ मध्ये ते बाजारातून गेलं.

सांधा काळा!
सत्तरच्या दशकात कार्बन तंतूंची हवा होती. पण ते झिजून त्यांचा बारीक चुरा व्हायचा आणि सांध्याचं आतलं अस्तर काळं पडायचं.

बाटलीचा भाऊबंद
पाण्याची बाटली ज्या पॉलिएस्टरची, त्याच जातीच्या धाग्यांचं ‘लार्स’ लिगामेंट फ्रान्समधल्या दिजाँचे डॉ. लाबुरो यांनी घडवलं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू निक माल्चेस्की ते बसवून अवघ्या काही महिन्यांत मैदानात उतरला आणि ‘लार्स’चा बोलबाला झाला. कालांतराने मात्र अनेकांच्या गुडघ्यात ते तुटल्याचं, सूज आणल्याचं समोर आलं.

धागा फक्त झिजतो
हे सगळे धागे फसले, त्याचं कारण साधं आहे. प्रत्येक पावलागणिक धागा हाडातल्या बोगद्याच्या कडेवर वाकतो, घासतो. स्वतःची डागडुजी त्याला जमत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीत, मात्र रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात आणि हळूहळू तिचं लिगामेंट होतं.

वीतभर कंडरा, चार पदर
गुडघ्याखाली आतल्या बाजूला छोटा छेद देऊन डॉक्टर मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची वीतभराहून लांब कंडरा काढतात. तिला चिकटलेला स्नायू खरवडतात, मग तिला चार पदरी दुमडतात, टोकं शिवतात आणि हाडातल्या बोगद्यातून ओढून घेतात. घोट्याजवळची पेरोनियस कंडराही भारतात बरीच वापरली जाते. आणि गंमत म्हणजे, काढलेली हॅमस्ट्रिंग कंडरा पुष्कळ जणांमध्ये पुन्हा उगवते!

तयार दोरीचं आजचं काम
एकाच वेळी बरीच लिगामेंट तुटली, स्वतःची कंडरा अपुरी पडली, तर तयार दोरी उपयोगी पडते. बारीक पॉलिएस्टर पट्टी कधी कंडरेच्या जोडीला आधार म्हणूनही टाकतात.

घाईला माफी नाही
शस्त्रक्रियेनंतर दुखणं थांबतं, पण आतली कंडरा तेव्हा अजून कच्चीच असते. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका निम्म्याने घटला. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत झाली. तो मैदानात परतला थेट मार्च २०२४ मध्ये.

पैलवानांनो, एवढं कराच
गुडघा सुजला, जिना उतरताना सटकू लागला, तर लेप-मालिशवर हंगाम घालवू नका. नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं, दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभाग आहे. तिथे “किती लवकर खेळू?” याच्या आधी विचारा, “कंडरा कुठली घेणार, आणि व्यायाम कोण करून घेणार?” गुडघा पुन्हा फडात उभा राहतो तो या दोन उत्तरांवर.