लाल की पिवळे? जनुकीय अहवालातला ‘अनिश्चित’ शब्द

ओपीडीच्या टेबलावर त्या वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आधी मुलीचे सिकलसेलचे पिवळे कार्ड काढले आणि मग घडी घातलेला चार पानी अहवाल. मुलगी एकवीस वर्षांची, अंगाने बारीक. सतराव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हापासून इन्सुलिनवर. आईला पस्तिशीत साखर निघालेली, आजोबांनाही होती. तीन पिढ्यांचा मधुमेह पाहून मी तिचे रक्त जनुकीय तपासणीसाठी बाहेरगावी पाठवले होते. ‘साहेब, मंग याचं कार्ड लाल का पिवरं?’ वडिलांनी विचारले. अहवालात लिहिले होते : ‘व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’. म्हणजे, बदल सापडला आहे, पण त्याचा अर्थ अनिश्चित. (ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.)

वडिलांचा प्रश्न अगदी रास्त होता. चंद्रपूर-गडचिरोलीत जनुकीय आजार म्हटले की लोकांना सिकलसेलच आठवतो. पांढरे कार्ड म्हणजे निरोगी, पिवळे म्हणजे वाहक, लाल म्हणजे रुग्ण. हिमोग्लोबिनच्या एका जनुकातले एकच अक्षर बदलते आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. बदलाची एक प्रत असली तर माणूस वाहक, दोन असल्या तर रुग्ण. भारतात हा बदल १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. त्यानंतर इतक्या लोकांत तो तपासला गेला, की त्याच्या अर्थाबद्दल कोणतीही शंका उरलेली नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत कोट्यवधी लोकांची तपासणी करता येते, ती याच खात्रीमुळे.

मधुमेहाचे तसे नाही. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांतील बहुतेकांचा आजार अनेक जनुके, वजन, आहार आणि श्रमाचा अभाव यांच्या मिश्रणातून येतो. मात्र मोजक्या कुटुंबांत एकाच जनुकातला बिघड पुरेसा ठरतो. या प्रकाराला ‘मोडी’ म्हणतात. लिपीशी त्याचा काही संबंध नाही, ते इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे. तो सहसा तरुणपणी दिसतो आणि आईवडिलांपैकी एकाला असल्यास प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी असते.

हे शोधायचे कशाला? कारण उपचारच बदलतात. ‘जीसीके’ जनुकात बिघड असेल, तर उपाशीपोटी साखर साधारण १०० ते १५० या दरम्यान वर्षानुवर्षे स्थिर राहते आणि गरोदरपण वगळता बहुधा औषध लागत नाही. ‘एचएनएफ१ए’ मध्ये असेल, तर अनेकदा सल्फोनिलयुरिया गटातली स्वस्त गोळी उत्तम काम करते आणि काही रुग्णांचे इन्सुलिनही सुटते. आमच्या मुलीच्या अहवालात नेमके ‘एचएनएफ१ए’चेच नाव होते. वडिलांनी मोबाइलवर वाचले होते, की यात सुई बंद होते. त्यांना तेवढेच माझ्याकडून ऐकायचे होते.

पण जनुकात बदल असणे म्हणजे बिघड असणे नव्हे. प्रत्येकाच्या जनुकसंचात प्रमाण प्रतीपेक्षा वेगळी अशी ४० ते ५० लाख ठिकाणे असतात. ‘हॉस्पिटल’चे ‘हॉस्पीटल’ लिहिले तरी पेशंट पोहोचतो. ‘दिन’चे ‘दीन’ झाले, की अर्थच पालटतो. सापडलेली चूक यांपैकी कोणती, हे प्रयोगशाळेला ठरवावे लागते. त्यासाठी २०१५ मध्ये अमेरिकेतील दोन तज्ज्ञसंस्थांनी नियम आखले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. त्यात २८ निकष आहेत आणि निकालाच्या पाच पायऱ्या : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ‘बहुधा’ हा शब्दही मोघम नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक खात्री असेल तरच तो वापरायचा.

निकष २८ असले तरी मुख्य प्रश्न चार. हा बदल निरोगी लोकांत किती आढळतो? कुटुंबात आजार असलेल्यांकडे तो आहे आणि नसलेल्यांकडे नाही, असे दिसते का? त्यामुळे प्रथिनाचे काम खरोखर बिघडते, हे प्रयोगात सिद्ध झाले आहे का? आणि रुग्णाची लक्षणे त्या जनुकाशी जुळतात का? संगणकाचे भाकीत हा पुरावा असतो, पण दुबळा. दोन्ही बाजूंचे पुरावे अपुरे पडले किंवा एकमेकांविरुद्ध गेले, की निकाल ‘अनिश्चित’.

पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जो बदल कित्येक निरोगी लोकांत सापडतो, तो एकट्याने दुर्मीळ आजार घडवू शकत नाही. या कसोटीवर नुसते बदलच नव्हे, तर अख्खी जनुकेही बाद झाली. ‘बीएलके’, ‘केएलएफ११’ आणि ‘पॅक्स४’ ही एकेकाळी मोडीची जनुके मानली जात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने पुरावे पुन्हा तपासले आणि २०२२ मध्ये ती मोडीच्या तपासणीत नकोत, असे प्रसिद्ध केले. अर्थात कसोटी डोळे झाकून लावता येत नाही. सिकलसेलचा बदल आपल्याकडे अनेकांत आढळतो, तरी तो रोगकारकच आहे. एका प्रतीने आजार होत नाही, उलट मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून तो टिकून राहिला. आजार कोणत्या रीतीने उतरतो, हे आधी पाहावे लागते.

आता प्रश्न असा, की ‘निरोगी लोक’ कुठले? जगातील मोठ्या जनुकीय नोंदसंग्रहांत युरोपीय वंशाची माणसे सर्वांत जास्त आहेत. याचा फटका कसा बसतो, हे अमेरिकेतील २०१६ च्या एका अभ्यासाने दाखवले. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आजारात काही कृष्णवर्णीय रुग्णांना ‘रोगकारक’ म्हणून सांगितलेले बदल प्रत्यक्षात निरुपद्रवी होते. आधीच्या अभ्यासांत पुरेशी कृष्णवर्णीय माणसे असती, तर ते वेळीच कळले असते. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने आदिवासी समूहांसह सुमारे १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले. ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. पण गोंड, माडिया, कोलाम अशा समूहांतील फार थोडी माणसे मोजली गेली असतील, तर त्यांच्यातला साधा, निरुपद्रवी बदलही प्रयोगशाळेला ‘दुर्मीळ’ वाटणार आणि अहवालात ‘अनिश्चित’ उमटणार.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हा डॉक्टरांच्या हाती असते. मागणीपत्रावर वय, वजन, आजार कधी निघाला आणि वंशावळ हे नीट लिहिले नाही, तर प्रयोगशाळा अंधारात चाचपडते. आपल्या भागात आणखी एक सापळा आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी सिकलसेलच्या रुग्णात खोटी कमी येते, कारण लाल पेशी लवकर मरतात. काही यंत्रांवर वाहकांचाही आकडा चुकतो. तेव्हा पिवळे किंवा लाल कार्ड असेल, तर ते साखर तपासणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

त्या दिवशी मी वडिलांना एकच गोष्ट निक्षून सांगितली : इन्सुलिनचा एकही डोस चुकवायचा नाही. मग स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडे आणि सी-पेप्टाइड तपासायला पाठवले. या तपासण्या जनुकीय तपासणीच्या आधी व्हायला हव्या होत्या. वंशावळीवर भिस्त ठेवून मी त्या मागे ठेवल्या, ती चूक माझी. दरम्यान सिरोंच्याहून मुलीचा मामा आला. वय अठ्ठावन्न, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन्ही वेळा साखर उत्तम. त्याच्या रक्तात तोच बदल निघाला. ‘एचएनएफ१ए’चा खरा बिघड असलेल्या बहुतेकांना या वयापर्यंत मधुमेह झालेला असतो. मुलीची प्रतिपिंडे पॉझिटिव्ह आली, सी-पेप्टाइड जवळजवळ नव्हतेच. तिला टाइप १ मधुमेह होता. आई आणि आजोबांचा बहुधा नेहमीचा टाइप २. त्या अहवालावर विसंबून सुई बंद केली असती, तर काही दिवसांतच ती अत्यवस्थ होऊन आली असती, किंवा आलीच नसती.

त्या बदलावरचा शिक्का अजूनही ‘अनिश्चित’च आहे. एका मामावरून निकाल लागत नाही, पण पारडे निरुपद्रवीकडे झुकले आहे आणि ती माहिती आम्ही प्रयोगशाळेला कळवली आहे.

असा अहवाल तुमच्या हाती आला, तर त्यावरून औषध बदलू नका, बंद करू नका. धाकट्या भावंडांचे भविष्य त्यावरून ठरवू नका. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात तो काढू नका. डॉक्टरांनी नातेवाइकांचे रक्त मागितले, तर आजारी आणि निरोगी दोघांनीही द्या, कारण निरोगी मामाचा पुरावाही तितकाच मोलाचा असतो. आणि अहवाल टाकून देऊ नका. एक-दोन वर्षांनी डॉक्टरांमार्फत प्रयोगशाळेला पुन्हा विचारा, कारण नवे पुरावे आले की निकाल बदलतो. त्या वडिलांनी अहवाल पिवळ्या कार्डासोबत त्याच पिशवीत ठेवला आहे. मुलगी इन्सुलिन घेते आणि दर महिन्याला तपासणीला येते.