पिवळं कार्ड चालतंय का?

"साहेब, पिवळं कार्ड हाय, चालतंय का?" किल्लारीत ओपीडीत बसलं की दिवसातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याचा दोष नाही, योजनेचं नावच इतक्यांदा बदललं आहे.

१९९७ मध्ये जीवनदायी योजना होती. २ जुलै २०१२ ला तिची जागा राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने घेतली, पण आधी आठच जिल्ह्यांत. शेजारचं नांदेड त्यात होतं, सोलापूरही होतं, लातूर नव्हतं. आमच्या माणसाला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली.

खरा घोळ इथून सुरू झाला. केंद्राची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून केलेली. तिच्यात नाव असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण, तर केशरी कार्डवाल्या शेजाऱ्याला दीड लाखाचं. आजार तोच, गल्लीही तीच! १ जुलै २०२४ पासून ही तफावत गेली. आता सगळ्यांनाच पाच लाख, आणि पांढरं कार्डही चालतं.

मग अडतं कुठे? नावात.

मागे साठीचे एक शेतकरी रात्री छातीत कळ येऊन आले. ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. अशा वेळी रक्तवाहिनी जितकी उशिरा उघडेल तितका हृदयाचा स्नायू मरतो. प्राथमिक उपचार करून त्यांना पुढे शहरात पाठवलं. आधारवर त्यांचं पाळण्यातलं नाव, रेशन कार्डावर घरी हाक मारायचं. तिथे कागद जुळेनात. मुलगा घाबरला, त्याने रातोरात सावकाराकडून पैसे आणून भरले. तातडीच्या वेळी रुग्णालयाला फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. योजना कॅशलेस आहे. आधी भरलेले पैसे मागून परत मागायची सोय तिच्यात नाही.

म्हणून धडधाकट असतानाच आधार आणि रेशन कार्ड शेजारी ठेवून प्रत्येकाचं नाव वाचा. नवी सून, लहान नातू त्यात आहे का बघा. चूक असेल तर औशाला तहसीलच्या पुरवठा विभागात दुरुस्त करून घ्या, मग आयुष्मान कार्ड काढा. भरती होताना आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. तो भेटला नाही तर १५५३८८ वर फोन लावा.

आणखी एक. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या या योजनेत बसत नाहीत. त्या सरकारी दवाखान्यात मिळतात, त्यासाठी कुठलंच कार्ड लागत नाही.

ते शेतकरी परवा तपासणीला आले होते. रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त झालंय. सावकाराचे पैसे अजून फिटायचे आहेत.