उठवलेल्या वस्त्यांतली मुलं

तेलंगणातल्या आदिलाबादच्या डोंगराळ भागात कुटुंब बेघर होतं ते भाडं थकलं म्हणून नव्हे. तिथं वस्तीच उठवली जाते. गेल्या शंभर वर्षांत हे वारंवार घडलं आणि दरवेळी हिशेब लागला तो एकरांचा, कुटुंबांचा, पट्ट्यांचा. त्या कुटुंबांतल्या पोरांचं पुढं काय झालं, हा प्रश्न कायम मागं राहिला.

गोंड पुढारी कुमरम भीमाचं नाव जोडेघाटच्या लढ्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याची कहाणी सुरू होते ती घर सुटलेल्या एका पोरापासून. जन्म संकेपल्लीचा. जंगलखात्याच्या माणसांशी झालेल्या झगड्यात वडील मारले गेले आणि घरच्यांनी सुरदापूर गाठलं, असं सांगतात. तिथं कसलेल्या जमिनीवरही दुसऱ्यानंच हक्क सांगितला. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो पडला. तेव्हा मागणं होतं आसपासच्या बारा गावांच्या जमिनीचं आणि जंगलाचं, म्हणजे पुन्हा कुणी उठवू नये याचंच.

त्या गोळीबारानंतर निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडोर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला इथं पाठवलं. राखीव जंगलाच्या हद्दी आखताना गोंड आणि कोलाम आदिवासींच्या वस्त्या कशा उठवल्या, झोपड्या कशा जाळल्या, हे त्यानं लिहून ठेवलं. पट्टे देण्याचं काम सुरू झालं आणि १९४३ मध्ये मारलावाईला गोंड शिक्षक घडवणारं केंद्र उघडलं. मुलांसाठी गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत वाचनपाठ तयार झाले. याच काळात जिल्ह्यात आदिवासींसाठी काम करणारे आपले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, त्यांनी तिचं व्याकरणही लिहिलं. मला या टप्प्याचं मोल फार वाटतं. जमिनीचा पट्टा आणि पोराच्या हातातलं त्याच्याच बोलीतलं पुस्तक, या दोन गोष्टी सरकारनं त्या वेळी एकत्र धरल्या होत्या. पुढं ही जोडी तुटली. १९५६ च्या भाषावार रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा आंध्रात गेला, आणि घरी गोंडी किंवा कोलामी, बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलांपुढं शाळेत तेलुगू आली.

जमीन तर हातची जातच राहिली. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारनं १३ मृत्यू सांगितले, लोक आजही कितीतरी जास्त सांगतात.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा वाटलं, आता तरी हे थांबेल. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्याचा दावा निकाली निघेपर्यंत त्याला हलवता येणार नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. तरीही जून २०१९ मध्ये कागजनगर भागातल्या कोलामगोंदीची कोलाम वस्ती वनखात्यानं उठवली. १६ कुटुंबं, ६७ माणसं. त्यांना ठेवलं वेंपल्लीच्या लाकूड डेपोत, जिथं जंगलातून तोडलेला माल रचून ठेवतात. प्रकरण तेलंगण उच्च न्यायालयात गेलं. सुनावणी तातडीनं झाली आणि या लोकांना वांकिडीच्या सरकारी वसतिगृहात हलवा, घरं आणि कसायला जमीन द्या, असे निर्देश निघाले. दूरच्या पाड्यांतल्या मुलांना शिकता यावं म्हणून वसतिगृहं असतात. इथं अख्खी वस्तीच, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, वसतिगृहात आली.

त्याच आठवड्यात तेलंगणातल्या शाळा उघडल्या होत्या. मोठ्यांची बाजू मांडायला वकील उभे राहिले, ते चांगलंच झालं. पण पोराचं नुकसान न्यायालयाची तारीख पडेपर्यंत थांबत नाही. अंगणवाडीचंच बघा. तेलंगणात सात महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला दरमहा बालामृतमचं अडीच किलोचं पाकीट मिळतं, त्याचं वजन घेऊन नोंदवहीत लिहितात, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला तिथंच जेवण मिळतं. नाव चढतं ते त्या वस्तीच्या अंगणवाडीत. वस्ती उठली की नव्या ठिकाणी नाव लागेपर्यंत पोषण तुटतं, वजनाची रेघ तुटते, लसीची पाळी चुकते. कोलामांसारख्या, सरकारनंच विशेष दुर्बल ठरवलेल्या जमातीतल्या वर्षाच्या पोराला असे दोन महिनेही भारी पडतात. थोड्या मोठ्या पोरांचं दुखणं तराजूत दिसत नाही. आपली झोपडी यंत्रानं पाडताना पाहिलेलं पोर गणवेशातल्या माणसाला बिचकतं, रात्री दचकून उठतं. त्यात आश्रमशाळेत भाषा परकी. शाळा सुटायला एवढं पुरतं.

आता कव्वाल अभयारण्याची पाळी आहे. २०१२ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. मैसमपेट आणि रामपूर ही गाभ्यातली गावं तिथून हलवली गेली. ही गावं आज निर्मल जिल्ह्यात मोडतात, कारण २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. इथं डेपोत कोंडण्याचा प्रकार नाही, संमती आणि मोबदला आहे, आणि हा फरक मोठा आहे. देशभरच्या या योजनेत मोबदला कुटुंबामागं १० लाख होता, २०२१ मध्ये १५ लाख झाला. पण कुटुंब मोजायचं कसं? अठरा पूर्ण झालेला मुलगा स्वतंत्र कुटुंब. सतरा वर्षांचा बापाच्या खात्यात. आईबाप दोन्ही गेलेलं अल्पवयीन पोर मात्र वेगळं मोजतात. म्हणजे हक्काचा धनी म्हणून पोर यादीत येतं ते बहुधा सज्ञान झाल्यावर किंवा पोरकं झाल्यावर.

वनहक्क कायद्यातच एक कलम आहे: वन्यजीवांसाठी राखलेल्या भागातून लोकांना हलवायचं, तर नव्या जागी कबूल केलेल्या सोयी आणि जमीन पूर्ण तयार झाल्याशिवाय पुनर्वसन करू नये. यातल्या ‘सोयी’ म्हटलं की रस्ता, वीज, पक्कं घर यांचाच विचार होतो. माझी मागणी आहे की पहिल्या ट्रॅक्टरमध्ये सामान चढण्याआधी नव्या गावची अंगणवाडी चालू असावी, जुन्या वहीतलं प्रत्येक नाव तिथं उतरलेलं असावं, आणि शाळेत कोलामी किंवा गोंडी कळणारा निदान एक शिक्षक असावा. हे जमणारं काम आहे. मारलावाईत १९४३ साली, निजामाच्या राजवटीत, याहून अवघड काम करून दाखवलं होतं.